अंबादास पांचाळ यांच्या घाटात बंद पडणाऱ्या मोटारीची हकीकत

श्री. ज्याचे वाहन मूषक, देहाने लहान परंतु वाटेत कधी अडले नाही, त्या गजाननास प्रथम वंदन असो. आपण पुसिले की, या राज्यात सदोष मोटार गळ्यात पडलेल्या मनुष्यास न्याय कैसा मिळाला आणि तो कोणी मिळविला, ते लिहून कळवणे. त्यास, जे कानी ऐकिले आणि कागदी पाहिले तितकेच लिहितो, पदरचे घालीत नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. ते दिवशी राज्यातील एका नदीकाठच्या शहरी अंबादास पांचाळ यांनी नवी मोटार घेतली. अंबादास हे बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे कारागीर. वयाने एकसष्ट, अंगाने किरकोळ, कान मात्र ऐसे की बंद दाराआड कोणी पेटी छेडली तरी कोणता सूर उतरला ते बाहेरून सांगत. चाळीस वर्षे एसटीने हिंडले, खांद्यास हत्यारांची पिशवी आणि काखेत पेटीच्या सुट्या सुरपट्ट्यांचा डबा, आणि डोंगरपट्टीची बावीस गावे त्यांच्या हाताखालची होती. कोठे भजनी मंडळ, कोठे शाळा, कोठे देऊळ, पेटी बिघडली की अंबादासांस सांगावा जाई. मग गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की एसटीच्या पायऱ्या आता पुरे. तेव्हा त्यांचे कुटुंब शेवंताबाई, ज्या जिल्हा परिषदेच्या कचेरीत आवक-जावक दफ्तर तीस वर्षे सांभाळून नुकत्याच निवृत्त जाहल्या होत्या, त्या बोलिल्या, "गावे काही तुमच्याकडे चालत यायची नाहीत, आणि तुम्हांला चालवत नाही. मोटार घेऊ." ऐसे म्हणोन त्यांनी आपली पुंजी पुढे केली, आणि अंबादास एकसष्टाव्या वर्षी मोटार चालवावयास शिकले, आणि पाडव्याचे दिवशी उभयता शोरूमात दाखल जाहले. शोरूमचे कारभारी श्रीकर मुळगुंद, वाणी मधाळ, पोशाख कडक इस्त्रीचा. त्यांनी मोटारीवरची मखमली चादर समारंभाने दूर सारिली, हार घातला, नारळ वाढविला, पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढविला आणि वॉरंटीचे पुस्तक हाती दिधले. त्यात लिहिले होते की, तीन वर्षांत कारखान्याचा दोष निघाल्यास फुकट दुरुस्त करून देऊ. अंबादासांनी ते पुस्तक कपाळी लाविले आणि मोटार घरी आणिली.

एक महिना सुखाचा गेला. मग वैशाखात अंबादास डोंगरमाथ्याच्या गावी देवळाची पेटी दुरुस्त करावयास निघाले. मोटार तासभर चालली आणि घाटास लागली तो पाठीमागून बारीक गुंजन उठले, ते चढत चढत गेले, आणि मोटार दोन हिसके देऊन जागीच उभी राहिली. पाव तास निवली आणि पुन्हा सुरू जाहली, जणू काही घडलेच नाही. अंबादासांनी मनास समजाविले की नवे जनावर आहे, अंगवळणी पडेल. परंतु पुढील खेपेस तेच, त्यापुढील खेपेस तेच. शहरात हिंडवावी तर लोण्यासारखी चाले, घाट चढू लागली की रुसून बसे. मग मोटार शोरूमच्याच वर्कशॉपात नेली. तेथील लोकांनी बॉनेट उघडोन पाहिले, यंत्र लावून पाहिले, आणि म्हणाले की गाळणी साफ केली, आता चिंता नाही. आठवड्यात पुन्हा बंद. मग म्हणाले सेन्सर बदलला. पुन्हा बंद. मग म्हणाले सॉफ्टवेअर नवे घातले. पुन्हा बंद. चौथे खेपेस मुळगुंद स्वतः आले आणि हसोन म्हणाले, "काका, गाडीत काही नाही. घाटात गिअर कसा टाकावा ते तुम्हांला आम्ही एकदा दाखवतो." अंबादास म्हणाले, "आवाज पाठीमागून येतो. मागच्या सीटच्या खालून. तुम्ही दरवेळी पुढचेच उघडता." मुळगुंदांनी ऐकिले न ऐकिलेसे केले. परंतु घरी आल्यावर अंबादासांस मोठी शरम वाटली, की चाळीस वर्षे आपण दुसऱ्याच्या वस्तूतील दोष सांगितला आणि कोणी शंका घेतली नाही, आणि आज आपल्या वस्तूतील दोष सांगितला तर मनुष्य आपणास गिअर शिकवतो.

पाचवे खेपेस अंबादास वर्कशॉपाच्या बाकावर बसले असता याकूब मिस्त्री जवळ आले. हे तेथील जुने मेकॅनिक, मितभाषी, हातास कायम ग्रीस. हळू आवाजात म्हणाले, "काका, एक सांगतो. तुम्ही काय तक्रार केली ते जॉबकार्डावर कोणी लिहीत नाही. 'जनरल चेकअप' लिहितात आणि तुम्ही सही करता. उद्या कागद बघणारा म्हणेल, हा माणूस पाच वेळा नुसता गाडी दाखवायला आला." अंबादासांनी पुसिले, "मग काय करू?" याकूब म्हणाले, "तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही करू नका. आणि गाडी परत घेताना, दोष गेला की नाही तेही लिहा." इतके बोलोन ते पुन्हा मोटारीखाली शिरले. अंबादासांनी हे घरी शेवंताबाईंस सांगितले. शेवंताबाई म्हणाल्या, "तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्का मारला. हे मला सुचायला हवे होते." आणि त्या दिवसापासून वर्कशॉपात त्या स्वतः जाऊ लागल्या. तेथील लेखनिक म्हणे, बाई, रकाना लहान आहे. त्या म्हणत, मागच्या बाजूला लिहा, मी थांबते. सहावे खेपेस आतील पेट्रोलचा पंप नवा घातला, सातवे खेपेस वायरी बदलल्या, आठवे खेपेस सॉफ्टवेअर पुन्हा घातले, आणि प्रत्येक वेळी कागदावर स्पष्ट उतरले की तासभर चालोन घाटात बंद पडते, आवाज मागून येतो, दुरुस्तीनंतरही दोष कायम.

मग आश्विनात मोठा प्रसंग गुजरला. नवरात्रास डोंगरमाथ्याच्या देवळी पेटी पाहिजे म्हणोन उभयता निघाले. सातव्या वळणावर ते गुंजन उठले. अंबादासांनी मोटार कडेस घ्यावी तो कडा आणि रस्ता यांत जागा नव्हती. मोटार वळणावरच थांबली आणि पाठीमागून विटांनी भरलेला ट्रक आला. ट्रकवाल्याने ब्रेक दाबिले, चाके करकरली, आणि ट्रक हातभर अंतरावर येऊन थबकला. ट्रकवाला उतरोन आला. अंबादासांस वाटले शिव्या घालील. त्याने शिवी घातली नाही, शेवंताबाईंस आपल्या बाटलीतील पाणी दिधले आणि म्हणाला, "मावशी, माझी गाडी भरलेली आहे. ब्रेक दाबायला आणखी चार हात उशीर झाला असता तर मला थांबवता आली नसती." शेवंताबाई पाणी प्याल्या. घाटाखाली आल्यावर त्या उतरल्या आणि एसटीने घरी गेल्या, आणि म्हणाल्या, "मी यात बसणार नाही. आणि तुम्हीही घाटात न्यायची नाही." मोटार दारी उभी राहिली. डोंगरमाथ्याच्या देवळाने दुसरा कारागीर बोलाविला, त्यांचा इलाज नव्हता. मग आणखी गावे गेली. बावीसांची नऊ उरली. अंबादास सकाळी अंगणात येऊन मोटारीकडे पाहत आणि पाठ फिरवून आत जात.

अशा समयी एक दलाल आला आणि म्हणाला, "काका, गाडी दिसायला नवी आहे. मला द्या, मी सपाटीवरच्या शहरातले गिऱ्हाईक बघतो. घाटाचे बोलायचे कारण नाही." अंबादासांस मोह पडला, हे लिहिले पाहिजे. एक दिवस आणि एक रात्र त्यांनी विचार केला. मग दलालास निरोप पाठविला की, "ते गिऱ्हाईक एक ना एक दिवस घाटात जाईल, आणि शेजारी कोणी तरी बसलेले असेल. मला जमणार नाही." शेवंताबाईंनी हे ऐकिले आणि कपाट उघडोन सर्व कागद भोजनाच्या टेबलावर मांडिले. आठ जॉबकार्डे, वॉरंटीचे पुस्तक, घाटात त्या दिवशी काढिलेले ट्रकचे फोटो, दुसरा कारागीर बोलाविल्याचे देवळाचे पत्र. तारखांप्रमाणे लावून प्रत्येकास क्रमांक घातला. म्हणाल्या, "आता आपण लढू. पण भांडायचे नाही. कागदाने जायचे."

प्रथम त्यांनी लेखी नोटीस दिली, एक विकणाऱ्या शोरूमास आणि एक बनविणाऱ्या कारखानदारांस, ज्यांचे ठाणे दूर परप्रांती होते. दोन्ही रजिस्टर पोस्टाने पाठवोन पोच जपून ठेविली. कारखानदारांचे उत्तर आले की, वॉरंटीत दुरुस्ती लिहिली आहे, मोटार बदलून देणे लिहिलेले नाही, सबब आपण पुन्हा वर्कशॉपात न्यावी. आणि मुळगुंद मिठाई घेऊन घरी आले. म्हणाले, "काका, वाद कशाला? सीटकव्हर नवे घालतो, पॉलिश करून देतो, वॉरंटी एक वर्ष वाढवून देतो. एवढ्या कागदावर सही करा." शेवंताबाईंनी चष्मा लाविला आणि कागद सावकाश वाचिला. म्हणाल्या, "यात समाधान हा शब्द तीनदा आहे. दोष दूर झाला असे एकदाही नाही." मुळगुंद म्हणाले, "तो नुसता मसुदा असतो, वहिनी." त्या म्हणाल्या, "मसुदे मीही लिहिलेत. चहा घ्या आणि कागद परत न्या." मुळगुंद चहा घेऊन गेले.

त्या राज्यात ग्राहकांच्या तक्रारी ऐकण्यास एक निराळी न्यायसभा होती. तेथे वकील दिलाच पाहिजे ऐसे नव्हते, आपली तक्रार आपण मांडता येई, आणि जेथे विकणाऱ्याचे दुकान तेथेच जावे ऐसेही नव्हते, आपल्या शहरी दाखल करता येई. मात्र दोष उघड जाहल्यापासून दोन वर्षांचे आत यावे लागे. पुष्कळ लोकांस हे ठाऊक नसे आणि जे जाणत ते भीत. शेवंताबाईंनी तक्रार स्वहस्ते लिहिली, विकणारा आणि बनविणारा दोघांस सामील केले, की उद्या एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. मागणी इतकीच लिहिली की, मोटार बदलून द्यावी, अगर घेतलेले पैसे परत करून ही मोटार घेऊन जावी. पौषात तक्रार दाखल जाहली. मग तारखा पडत गेल्या. कधी समोरचे वकील गैरहजर, कधी उत्तर यावयाचे राहिले. अंबादास त्या दिवसांत निराश होत आणि म्हणत, "शेवंता, आपले वय निघून जाईल." त्या म्हणत, "फाईल पुढे सरकते आहे. मला हलणारी फाईल ओळखता येते." आणि खालचे गावोगावचे लोक, ज्यांस अंबादासांचा लळा लागला होता, ते आपली पेटी एसटीच्या कंडक्टरपाशी देऊन शहरी पाठवू लागले, आणि अंबादास घरच्या ओसरीवर दुरुस्त करून परत पाठवू लागले. तेणेकरून हात चालता राहिला आणि मनही थोडे चालते राहिले.

मग विश्वावसु नाम संवत्सर लागले आणि श्रावणात खरी सुनावणी जाहली. न्यायसभेच्या अध्यक्षा मध्यमवयाच्या बाई, बोलणे थोडे, ऐकणे फार. कारखानदारांचे वकील मोठे विद्वान, त्यांनी म्हटले की, "ही मोटार चौदा हजार किलोमीटर चालली आहे. जी मोटार इतकी चालते तिला सदोष कसे म्हणावे? शिवाय तक्रारदार मोटारीचे तज्ज्ञ नाहीत, पेटी दुरुस्त करतात." अध्यक्षांनी अंबादासांकडे पाहिले आणि पुसिले, "यावर तुम्हांला काही सांगायचे आहे?" शेवंताबाईंनी कोपराने खूण केली. मग ते उभे राहोन म्हणाले, "बाईसाहेब, पेटीचा एक सूर अडकला तरी बाकीची पेटी वाजते. तासभर वाजवा, कोणाला कळणार नाही. गाणारा त्या सुरावर आला की घात होतो. मी एका शाळेची पेटी अशीच तीनदा दुरुस्त केली. चौथ्यांदा ती परत आली तेव्हा लाकूडच कच्चे निघाले. मी त्यांना म्हटले नाही की मी दुरुस्तीच कबूल केली होती. दुसरी पेटी करून दिली. दुरुस्ती म्हणजे वस्तू दुरुस्त होणे. नुसते उघडणे आणि मिटणे नव्हे." अध्यक्षांनी ते शब्द लिहून घ्यावयास सांगितले. मग याकूब मिस्त्रींस शोरूमतर्फे साक्षीस उभे केले होते, त्यांस अध्यक्षांनी पुसिले, "दुरुस्ती केल्यावर तुम्ही ही गाडी कधी तासभर चालवून घाटात नेलीत का?" याकूबांनी मुळगुंदांकडे पाहिले नाही. म्हणाले, "नाही बाईसाहेब. आवारात फिरवून दिली. घाटात न्यायची परवानगी मी दोनदा मागितली होती." मुळगुंदांची मान खाली गेली. मग अध्यक्षांनी हुकूम केला की, दोष डोळ्यांनी दिसत नाही म्हणोन तो नाहीच ऐसे म्हणता येत नाही, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातील तज्ज्ञांनी मोटार तपासावी आणि अहवाल द्यावा.

तपासणीस प्राध्यापक तांबोळी नेमिले. ते स्वतः चालकाच्या जागी बसले, अंबादास शेजारी, मागे वकिलांचा मनुष्य, आणि मोटार तासभर सपाटीस चालवोन घाटास लाविली. मागाहून दुसरी गाडी लाल दिवा लावून येत होती, की कोणास धोका न व्हावा. पाचवे वळण गेले, सहावे गेले. अंबादासांस भलतीच धास्ती पडली की नेमकी आजच ही चालेल आणि आपण खोटे ठरू. मग गुंजन उठले, ऐसे बारीक की प्राध्यापकांस ऐकू आले नाही. अंबादास डोळे मिटोन म्हणाले, "सुरू झाले. आता चढेल. पुढच्या वळणाच्या आत थांबेल, गाडी कडेला घ्या." प्राध्यापकांनी घड्याळ पाहिले आणि मोटार कडेस घेतली. दोन हिसके आणि मोटार बंद. प्राध्यापक तांबोळी म्हणाले, "काका, तुम्ही हे पहिल्यापासून मागून येते म्हणता?" अंबादास म्हणाले, "पहिल्यापासून." मग मागची सीट काढिली, टाकी उतरविली, आणि दोष सापडला. टाकीच्या आत पंप ज्या बैठकीवर बसतो ती बैठकच कारखान्यात वाकडी ओतलेली होती. पंप नवा घाला की जुना, तिरका बसे, तापला की ओढ न लागून थांबे. अहवालात लिहिले की, दोष उत्पादनाचा आहे, चालविणाऱ्याचा नाही, आणि त्याच साच्यातील इतर मोटारींतही तो असण्याचा संभव आहे.

अहवाल पोहोचताच कारखानदारांचा निरोप आला की, आपसात मिटवू, नवी मोटार आठ दिवसांत देतो, मात्र अहवाल कोणास दाखवू नये आणि तक्रार मागे घ्यावी. अंबादास घरी येऊन बसले. गुडघे दुखत होते, नऊ गावांची सात जाहली होती, आणि नवी मोटार आठ दिवसांवर उभी होती. शेवंताबाई म्हणाल्या, "तुम्ही घ्या म्हणालात तर मी घेईन. कष्ट तुमचे झालेत." अंबादासांनी निरोप पुन्हा वाचिला. मग म्हणाले, "त्या साच्यातल्या बाकीच्या गाड्या कोणाच्या दारात आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. कारखान्याला ठाऊक आहे." शेवंताबाईंनी निरोपाखाली लिहिले की, मिटविण्यास आम्ही राजी आहो, परंतु त्या साच्याच्या प्रत्येक मालकास कारखानदारांनी पत्र लिहावे. उत्तर आले नाही. मग मार्गशीर्षात निवाडा वाचिला गेला. आठ वेळा दुरुस्ती करूनही जो दोष जात नाही, त्यास पुन्हा वर्कशॉपाची वाट दाखविणे ही वॉरंटी नव्हे, टाळाटाळ आहे. नवी मोटार घ्यावी की दिलेले पैसे परत घ्यावे हा अधिकार मालकाचा. विकणारा आणि बनविणारा दोघेही जबाबदार. त्रासाची भरपाई आणि खर्च द्यावा. आणि त्याच साच्याच्या सर्व मालकांस पत्र लिहून टाक्या फुकट बदलून द्याव्यात. अंबादासांनी निवाडा उभ्याने ऐकिला, मग बसले, आणि पंच्याने डोळे पुसिले. मुळगुंद जवळ आले आणि प्रथमच मधाळ न बोलता म्हणाले, "काका, मी गिअरचे बोललो ते चुकलो." अंबादास म्हणाले, "याकूबला त्रास देऊ नका म्हणजे झाले." मुळगुंदांनी मान डोलाविली, आणि तो शब्द त्यांनी पाळिला, हेही लिहिले पाहिजे.

नवी मोटार पौषात आली. ती घेताना शेवंताबाईंनी चादर, हार, नारळ काही करू दिधले नाही, प्रथम तासभर चालवून घाटात नेवविली, मग कागदावर सही केली. त्या खेपेस त्या स्वतः पुढे अंबादासांशेजारी बसल्या, पहिल्या चार वळणांत दरवाजाची मूठ धरून होत्या, पाचव्यास सोडिली. माथ्यावर पोहोचल्यावर अंबादासांनी मोटार थांबवून इंजिन चालूच ठेविले आणि उभयता काही काळ नुसते ऐकत बसले. मागून काही आवाज आला नाही. डोंगरमाथ्याच्या देवळाने त्यांस पुन्हा बोलाविले नाही, तेथे नवा कारागीर बरा निघाला होता. परंतु पलीकडच्या खोऱ्यातील तीन गावांनी बोलाविले, जेथे एसटी जात नसे आणि अंबादास आजवर कधी पोहोचले नव्हते.

तात्पर्य, ऐसे जाहले. त्या साच्याच्या चारशे सोळा मोटारी राज्यात निघाल्या, सर्वांस पत्रे गेली, टाक्या बदलिल्या. याकूब मिस्त्रींच्या वर्कशॉपात जॉबकार्डावर तक्रार मालकाच्या शब्दांत लिहिण्याची चाल पडली. आणि शेवंताबाई आता दर बुधवारी न्यायसभेच्या व्हरांड्यात बाकावर बसतात. कोणाचा फ्रीज, कोणाचा पंखा, कोणाची मोटार. परवा एक तरुण बाई गोंधळून आल्या आणि म्हणाल्या की, मावशी, फार मोठी कंपनी आहे, माझे कोण ऐकणार? शेवंताबाईंनी कोरा कागद पुढे ओढिला, पेनाचे टोपण काढिले आणि म्हणाल्या, "बसा. पहिल्यांदा बिघडली ती तारीख सांगा." येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले. वाचणारांचे घाट सुखरूप पार होवोत.